धाकट्या जावेची तपासणी

माझी मुलगी भर उन्हाळ्यात, दुपारची जन्मली. दिवस पूर्ण भरले होते. नऊ महिन्यांत मला कधी ताप आला नाही, पाय सुजले नाहीत, सोनोग्राफी दर वेळी चांगलीच आली. भंडाऱ्याच्या ज्या दवाखान्यात मी बाळंत झाले तिथल्या नर्सबाईने तिला माझ्या छातीवर ठेवलं आणि म्हणाली, “रडली पाहा कशी, खणखणीत.” सासूबाई दाराशीच उभ्या होत्या. त्यांनी आत डोकावून विचारलं, “का झालं?” मुलगी म्हटल्यावर “लक्ष्मी आली” म्हणाल्या आणि पेढे आणायला माझ्या नवऱ्याला पिटाळलं.

संध्याकाळी ती दूध ओढेना. आधी तिने दोनदा ओढलं होतं, म्हणून मला फरक कळला. तोंड लावायची आणि सोडून द्यायची. मग प्रत्येक श्वासाबरोबर तिच्या घशातून बारीक आवाज येऊ लागला, दमलेलं माणूस जड ओझं उचलताना कण्हतं तसा. बाजूच्या खाटेवरच्या बाळंतिणीची आई म्हणाली, “थकली असन बापा. बाहेर येनं का सोपं काम हाये?” मला ते खरं वाटावं असं फार वाटत होतं. तरी मी नर्सबाईला हाक मारली. तिने बाळाचे पाय चाचपले आणि डॉक्टरांना बोलवायला गेली. डॉक्टर आले, त्यांनी बाळाच्या छातीला नळी लावून ऐकलं आणि मला नाही, माझ्या नवऱ्याला म्हणाले, “नागपूरला न्यावं लागेल. आत्ताच.”

मला टाके पडले होते, हाताला सलाइन होतं. मी उठायला लागले तर डॉक्टर म्हणाले, तुम्हाला गाडीत बसवता येणार नाही, रक्त जायला लागलं तर दोघींना कोण सांभाळणार. सासूबाईंनी पदर कमरेला खोचला आणि त्या बाळासोबत अॅम्ब्युलन्समध्ये मागे चढल्या. नवरा पुढे बसला. मी खिडकीतून फक्त गाडीचं छप्पर पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला कुणी काही सांगितलं नाही. माझी आई रात्रीच माहेराहून आली होती, ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. मग नर्सबाई आली आणि माझ्या खाटेशेजारचा लहान पाळणा ढकलत बाहेर घेऊन गेली. तेव्हा मला कळलं.

तिला घरी आणलंच नाही. नागपूरहून येताना गाडी सरळ नदीकाठी गेली. आमच्यात एवढ्या लहान लेकराला पुरतात आणि तिथे पुरुषच जातात. नवऱ्याने घरच्या मागावर विणलेल्या पांढऱ्या कोशाचा, म्हणजे रेशमाचा, तुकडा मागवून घेतला होता म्हणे, त्यात गुंडाळलं. मला हे पुष्कळ दिवसांनी दिराकडून कळलं.

आमचं घर विणकरांचं. कोशाचे माग चार पिढ्यांपासून चालत आलेले. पुरुष विणतात, दुकान पाहतात, आणि बायका सूत काढतात. उकडलेला कोसा, म्हणजे रेशमाच्या किड्याचा कोष, हातात घ्यायचा, त्याचं टोक शोधायचं आणि मांडीवर पीळ देत धागा ओढायचा. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनीच मला ते शिकवलं होतं. आम्ही दोघी समोरासमोर बसून दुपारभर सूत काढायचो. फार बोलणं नसायचं, पण ते शांत बसणं मला आवडायचं.

दवाखान्यातून घरी आल्यावर तेही गेलं. तिसऱ्या दिवशी मला दूध आलं. शरीराला काय माहीत? ब्लाऊज ओला व्हायचा, छाती दगडासारखी व्हायची, ताप चढायचा. सासूबाई बाजारातून मोगऱ्याचे गजरे घेऊन आल्या. त्याने दूध आटतं म्हणतात. त्यांनी ते माझ्या छातीवर ठेवले, वरून जुन्या लुगड्याची पट्टी घट्ट बांधली. बांधताना माझ्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही. मला वाटलं, ह्यांच्या मनात माझ्याविषयी काहीतरी आहे. मोगरा मला अजूनही केसांत घालवत नाही.

गल्लीतल्या बायका येत, बसत आणि जाताना एकेक कारण ठेवून जात. कुणी म्हणे ग्रहणात बाहेर निघाली असन. कुणी म्हणे दृष्ट लागली. एकीने तर विचारलं, “पोटात असताना तळ्यातले मासे खाल्ले होते का वो?” खाल्ले होते. आमच्याकडे कोण खात नाही? सासूबाई ऐकत, सुपारी कातरत आणि गप्प राहत. त्यांच्या त्या गप्प बसण्याचा मी एकच अर्थ लावत होते.

महिन्याभराने नागपूरच्या त्या दवाखान्यातून फोन आला. बाळाच्या रक्ताचा रिपोर्ट आला होता, दोघांनी येऊन जा म्हणाले. लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई होत्या, माझ्याहून थोड्याच मोठ्या असतील. त्यांनी आम्हाला घाई न करता समजावलं.

“तिच्या रक्तात एक जंतू सापडला. हा जंतू पुष्कळ बायकांच्या अंगात असतो. त्यांना कसलाच त्रास होत नाही, त्यामुळे कळतही नाही. आज असतो, काही महिन्यांनी नसतो. बाळ बाहेर येताना वाटेत त्याला लागू शकतो. बहुतेक बाळांना काही होत नाही. थोड्यांना होतं, आणि मग फार झपाट्याने होतं.”

“म्हणजे माझ्यापासून लागला?” मी विचारलं.

“तुमच्या अंगातून लागला. तुमच्यामुळे नाही.”

त्या दोन वाक्यांत फरक आहे हे मला कळत होतं. कळणं आणि पोटात उतरणं निराळं. दृष्ट नव्हती, मासे नव्हते, ग्रहण नव्हतं. मीच होते.

नवऱ्याने विचारलं, “आधी समजू शकत नव्हतं का?”

“तपासणी असते,” त्या म्हणाल्या. “नववा महिना लागता लागता करतात. कापसाची काडी फिरवून नमुना घ्यायचा आणि लॅबला पाठवायचा. जंतू निघाला तर कळा सुरू झाल्यावर आईला शिरेतून औषध देतात. काही देशांत सगळ्याच गरोदर बायकांची करतात. आपल्याकडे सर्रास करत नाहीत. ताप आला, दिवसांआधी कळा आल्या, पाणी जाऊन फार वेळ झाला, असं काही असेल तर औषध सुरू करतात. तुम्हाला यातलं काहीच नव्हतं.”

मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, “पुढच्या वेळी तुमची तपासणी करायचीसुद्धा गरज नाही. एक बाळ असं गेलं एवढं सांगा, कळा लागल्या की औषध देतीलच.”

गेलेलं बाळच आता माझा रिपोर्ट होतं.

परतताना बसमध्ये नवरा खिडकीशी बसला होता. भंडारा जवळ आल्यावर म्हणाला, “घरी नको सांगू हे.”

“काहून?”

“आईच्या डोक्यात राहीन. तुह्यापासून झालं, एवढंच राहीन.”

मी सांगितलं नाही. पुढची वेळ आली असती तर सांगावंच लागलं असतं. पण ती आली नाही. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. डॉक्टर म्हणत, दोघांत काही दोष नाही, होईल. नवरा मागावर बसायचा, मी मांडीवर सूत ओढायचे. मुलीविषयी आम्ही बोलत नव्हतो. तिला नाव नव्हतं, त्यामुळे बोलायचं तरी काय म्हणून, हाही प्रश्नच होता.

मग दिराचं लग्न झालं. जाऊ साकोलीची, हायवेवर तिच्या वडिलांचं भांड्यांचं दुकान. बोलकी, हसरी. मला ताई म्हणायची. पहिल्यांदा सूत काढायला बसली तेव्हा तिची मांडी लालबुंद झाली, तर ओरडली, “ताई, ही साडी नेसनाऱ्या बाईले एकदा आपल्या मांड्या दाखवा. मोलभाव करनार नाही बिचारी!” सासूबाईसुद्धा हसल्या. पुष्कळ दिवसांनी त्या घरात हसण्याचा आवाज झाला.

वर्षाच्या आत तिला दिवस गेले. मला आनंद झाला की नाही, हे मी स्वतःला विचारलं नाही. तिला उलट्या व्हायच्या तेव्हा मी लिंबू कापून द्यायचे, तिची पाठ चोळायचे. सातव्या महिन्यात ओटी भरायचा कार्यक्रम ठरला. सकाळी सासूबाई मला म्हणाल्या, “तू आज सयपाकाचं पाह्य. बाहेर मी आहे.” आवाज मऊ होता, पण अर्थ मला कळला. गेलेल्या लेकराच्या आईने ओटी भरायची नसते. मी पुऱ्या तळल्या. मला एकदाही बाहेर यावं लागणार नाही अशी सगळी ताटं सासूबाईंनी स्वतः नेली.

रिवाजाप्रमाणे पहिलं बाळंतपण माहेरी; माझ्या माहेरच्या गावी दवाखाना नव्हता, म्हणून माझं तेवढं भंडाऱ्यात झालं होतं. आठवा संपायच्या आधीच तिची आई येऊन तिला साकोलीला घेऊन गेली. घर पुन्हा गप्प झालं, आणि मग माझ्या मनात एकच गोष्ट फिरू लागली. नववा महिना लागता लागता. कापसाची काडी. नागपूरच्या डॉक्टरीणबाई हे बोलल्या तेव्हा ते ऐकणारे आम्ही दोघंच होतो. आम्ही बोललो नाही तर त्या घरात हे कुणालाच कळणार नव्हतं.

नवरा मागावर होता. मी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले. म्हटलं, “मी साकोलीले जातो.”

“कायले?”

“तिची तपासनी करून घ्या म्हनून सांगायले.”

त्याने मागावरचे पाय थांबवले. “मंग सगळंच सांगावं लागन.”

“हाव.”

त्याने हातातला धागा बाजूला ठेवला. मग उठला, सदरा घातला आणि मला स्टँडवर सोडायला आला. बस सुटताना खिडकीशी येऊन म्हणाला, “मी येऊ का सोबत?” मी नको म्हटलं. ह्यात त्याने बोलण्यासारखं काही नव्हतं, बाईचं बोलणं होतं.

साकोलीत जावेच्या आईने मला मानाने बसवलं, चहा केला. जाऊ पलंगावर पाय पसरून बसली होती, मला पाहून तिचा चेहरा फुलला. मी चहा संपेपर्यंत थांबले आणि सांगायला लागले. दूध न ओढण्यापासून, त्या कण्हण्यापासून, रिपोर्टपर्यंत. आयुष्यात पहिल्यांदा मी ते सगळं सलग बोलत होते. माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता.

जावेची आई मध्येच उठून उभी राहिली. “बाई, तुमचं दुःख मोठं हाये. मी का नाही म्हनते? पन माह्या पोरीचे दिवस भरत आले. तिच्यासमोर हे कायले बोलून राहिल्या? असं अभद्र कोनी बोलते का भरल्या पोटासमोर?”

 तिच्या जागी माझी आई असती तर तीही हेच म्हणाली असती. मी पिशवी उचलली.

तेव्हा जाऊ बोलली. तिला लग्नात एवढंच सांगितलं होतं की थोरलीचं एक गेलं. ती म्हणाली, “ताई, तिचं नाव ठेवलं होतं का?”

“नाही व.”

“कोनासारखी होती?”

मला हे कुणी विचारलंच नव्हतं. मी खूप वेळ आठवलं. म्हटलं, “हनुवटी ह्यांच्यासारखी होती.”

ती डोळे पुसत आईकडे वळली. “आई, चप्पल दे माही. दवाखान्यात जाऊन येतो आमी.”

तिथल्या डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या. त्यांनी माझं ऐकून घेतलं. म्हणाल्या, “आम्ही सगळ्यांची करत नाही, पण तुम्ही हे सांगताय तर करून घेऊ. वेळही बरोबर आहे. नमुना नागपूरला पाठवावा लागेल.” जाऊ पडद्याआड गेली. मी बाकड्यावर नीट टेकतेय न टेकतेय तोच ती बाहेर आली, हसत.

“एवढंच? मले वाटलं सुया-बिया टोचतीन. काडी फिरवली अन झालं!”

मीही हसले. मग मी बाहेर गेले आणि दवाखान्याच्या पायरीवर बसले. समोर हायवेवरून ट्रक जात होते. एवढंच होतं ते. एक काडी, चहा गार व्हायच्या आत होणारी गोष्ट. माझी मुलगी आणि मी, आमच्या दोघींच्या मध्ये एवढंच कमी पडलं होतं. मी तोंडात पदर कोंबला. आजूबाजूचे लोक पाहत होते, पण दवाखान्याबाहेर रडणाऱ्या बाईला कुणी काही विचारत नाही.

रिपोर्ट आला. जंतू निघाला.

फोनवर जावेची आई रडत होती. “आता का होईन वो बाई?” मी तिला डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं पुन्हा सांगितलं. आत्ता औषध घेऊन उपयोग नाही, जंतू परत येतो. कळा लागल्या किंवा पाणी गेलं की घरी वाट पाहायची नाही, तडक दवाखाना गाठायचा. बाळ होण्याआधी निदान चार तास औषध अंगात जायला हवं. ती मला मधून मधून ‘हाव, हाव’ म्हणत होती. अभद्र हा शब्द तिने पुन्हा काढला नाही.

कळा पहाटे लागल्या. त्यांनी चहासुद्धा न घेता तिला नेलं. सलाइन लागलं, औषध गेलं. मला हे साकोलीला गेलेल्या दिराने सकाळी फोनवर सांगितलं आणि मग दिवसभर फोन नाही. मी सूत काढायला बसले तर धागा सारखा तुटायला लागला. सासूबाई समोर बसून पाहत होत्या. त्यांचाही तुटत होता. दुपार कलल्यावर फोन वाजला. मुलगी झाली. चांगली आहे. दूध ओढते.

“ओढून राहिली ना? नीट ओढून राहिली?” मी इतक्या वेळा विचारलं की दीर शेवटी म्हणाला, “वहिनी, घ्या, तुमीच ऐका,” आणि त्याने फोन बाळाच्या तोंडाशी धरला. चुटचुट आवाज येत होता. मी फोन सासूबाईंच्या कानाला लावला आणि आत निघून गेले.

तिथे बाळावर दोन दिवस नजर ठेवली. काही झालं नाही. आणि काही झालं नाही, म्हणून मग लोक बोलायला मोकळे झाले. बारशाला साकोलीला गेलो तेव्हा जावेची एक मामी मला ऐकू जाईल असं म्हणत होती, “काहीच नव्हतं. उगाच पोरीले घाबरवलं.” मी तिच्याशी वाद घातला नाही. कारण ते खोटं आहे असंही मला सांगता येत नव्हतं. औषध दिलं नसतं तरी बाळ कदाचित ठणठणीत राहिलं असतं, बहुतेक राहतात. जे घडलं नाही ते दाखवायचं कसं? माझ्याकडे दाखवायला होतं ते एकच, जे घडलं ते.

पाळण्याजवळ बायका जमल्या. जावेची आई माझ्याजवळ आली, माझा हात हातात घेऊन, नजर चुकवत म्हणाली, “ताई, तेवढ्या घुगऱ्या पाह्यता का जरा? लागतीन खाली.” मी स्वयंपाकघरात गेले. घुगऱ्या केव्हाच शिजल्या होत्या. मी गॅस बंद केला आणि तिथेच उभी राहून पाळण्याचं गाणं ऐकलं. कानात नाव सांगितल्याचा गलका झाला. सगळ्या हसल्या. मला त्या बाईचा राग आला नाही. तिला तिचं लेकरू जपायचं होतं, जसं जमेल तसं.

सव्वा महिन्याने जाऊ बाळाला घेऊन घरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई मोरीत पाट टाकून बसल्या, लुगडं गुडघ्यावर घेतलं, पाय लांब केले आणि बाळाला पायांवर पालथं घातलं. हाक मारली ती मला. “पानी टाकाले ये.”

मी बादलीशी बसले. त्या बाळाला तेल चोळत होत्या, मी तांब्याने हळूहळू पाणी सोडत होते.  मग बाळाच्या पाठीवरून हात फिरवता फिरवता म्हणाल्या, “साकोलीले गेल्ती तू. मले सांगतलं नाही.”

“नाही सांगतलं.”

“बरं केलं गेली ते.”

मी पाणी सोडत राहिले. त्यांचा हात बाळाच्या पाठीवर थांबला होता.

“नागपूरले जाताना पुलावर गाडी अटकली होती,” त्या म्हणाल्या. कुठला पूल, कधी, हे विचारायची गरज नव्हती. “समोर ट्रक बंद पडला होता. तवा पोरीनं डोळे उघडले. माह्याकडं पाह्यलं तिनं. नुसतं पाह्यतच राहिली. मी म्हटलं, तुही माय मागच्या गाडीत येऊन राहिली. झोप.”

“मंग?”

“मंग झोपली. अन नाही उघडले मंग डोळे.” त्यांनी मनगटाने नाक पुसलं. “खोटं बोललो मी तिच्यासंग. जाताना.”

इतकी वर्षं त्या माझ्या समोर बसून सूत काढत होत्या, आणि हे त्यांच्यापाशी होतं.  मी त्यांच्या खांद्यावर कपाळ टेकवलं. त्यांच्या अंगाला खोबरेल तेलाचा आणि उकडलेल्या कोशाचा वास येत होता. त्या हलल्या नाहीत.

पायांवरचं बाळ कुरकुरलं.

“पानी टाक,” त्या म्हणाल्या. “गारठून राहिली पोरगी.”